२२७ आणि २२५: ॲक्टिनियमचा घोळ

तुमचे प्रश्न तीन: ॲक्टिनियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य अंधारात खरंच चमकतं का, कर्करोगावर चालतं म्हणतात तर त्याची एवढी टंचाई का, आणि मूलद्रव्यांच्या संग्रहासाठी त्याचा एखादा कण मिळेल का. पहिल्याचं उत्तर हो, तिसऱ्याचं नाही. दुसऱ्याला जरा वेळ लागेल.

या चर्चेत वर कुणी त्याचं अर्धायुष्य (निम्म्या अणूंचा ऱ्हास होऊन, म्हणजे किरणं सोडून, दुसरं मूलद्रव्य व्हायला लागणारा काळ) २१.८ वर्षं लिहिलंय, कुणी १० दिवस, आणि त्यावरून जुंपलीय. दोघांचंही बरोबर आहे. पहिलं ॲक्टिनियम-२२७ चं, दुसरं २२५ चं; मूलद्रव्य एकच, फक्त अणूचं वजन वेगळं. या मूलद्रव्याबद्दलचे निम्मे गैरसमज या दोघांना एकच धरल्यामुळे होतात.

२२७ निसर्गात सापडतं. युरेनियम-२३५ च्या ऱ्हासात ते तयार होत राहतं, पण खनिजातल्या १ टन युरेनियममागे जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. त्यामुळे खनिजातून काढायच्या भानगडीत कुणी पडत नाही. अणुभट्टीत रेडियम-२२६ वर न्यूट्रॉन सोडून ते बनवतात. धातू चंदेरी, हवेत लगेच पांढरी साय धरणारा. अंधारात फिकट निळा उजेड दिसतो तो किरणोत्सारामुळे भोवतालची हवा उजळते म्हणून. रसायन बघाल तर लँथेनम या धातूचा थोरला भाऊच, संयुगांत +३ (तीन इलेक्ट्रॉन दिलेली) सोडून दुसरी अवस्था जवळपास नाही. शोधाचं श्रेय १८९९ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंद्रे-लुई दब्येर्न यांना मिळालं, पण त्यांनी वर्णन केलेले गुण आधी टायटॅनियमसारखे होते, मग थोरियमसारखे. लँथेनमशी साम्य बरोबर ओळखलं ते १९०२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिश गीझल यांनी. माझ्या मते गीझल यांच्यावर अन्याय झाला, असो.

२२७ चे उपयोग मोजके. बेरिलियमबरोबर मिसळलं की न्यूट्रॉनचा स्रोत होतो. खोल समुद्रातलं पाणी किती वेगानं वर-खाली मिसळतं, हे त्याच्या अंशावरून काढतात. सगळ्यात कामाचं म्हणजे त्यातून रेडियम-२२३ मिळतं. हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावरच्या त्याच्या औषधाला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली.

बातम्यांत येतं ते २२५. त्याच्या एका अणूपासून जवळपास स्थिर बिस्मथपर्यंत जाताना चार अल्फा कण (हीलियमच्या अणूची केंद्रकं) सुटतात आणि शरीरात प्रत्येकाची धाव फार तर काही पेशींइतकी. म्हणजे गाठीला चिकटणाऱ्या रेणूला बांधून अणू तिथपर्यंत नेला की मारा तिथल्या तिथे. मात्रा किती? प्रोस्टेटवरच्या सुरुवातीच्या उपचारांत वजनाच्या दर किलोला १०० किलोबेकरेल (सेकंदाला एक लाख अणूंचा ऱ्हास) दिलं गेलं. ७० किलोच्या माणसाला हे झालं साधारण ३ नॅनोग्रॅम! गोम अशी की पहिला अल्फा सुटताना उरलेल्या अणूला असा हिसका बसतो की ज्या रेणूनं त्याला धरून ठेवलंय त्याची पकड सुटते. मग फ्रान्सियम आणि पुढचं बिस्मथ-२१३ मोकाट. बिस्मथ मूत्रपिंडाकडे धावतं. प्रोस्टेटवरची औषधं लाळग्रंथींतही साठतात, म्हणून तोंड कायमचं कोरडं पडण्याची तक्रार येते.

मी बरीच वर्षं ही औषधं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. २२५ चे स्वतःचे गॅमा किरण इतके क्षीण की आम्ही मोजायचो ते फ्रान्सियम-२२१ चे २१८ आणि बिस्मथ-२१३ चे ४४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. नवखा असताना मी रेणूला चिकटलेला आणि मोकळा माल वेगळा करणारी क्रोमॅटोग्राफीची पट्टी काढल्या काढल्या मोजली आणि अर्धं ॲक्टिनियम रेणूला चिकटलंच नाही म्हणून हात टेकले. ॲक्टिनियम समजून मोजलेलं ते मोकळं बिस्मथ होतं, आणि ते रात्रभरात ऱ्हास पावून संपतं. तीच पट्टी रात्रभर ठेवून सकाळी मोजली तर माल उत्तम निघाला, पण तोवर मी तो बाद करून बसलो होतो.

आता टंचाई. जुनी वाट म्हणजे थोरियम-२२९. आम्ही त्याला गाय म्हणतो, कारण त्याच्या ऱ्हासातून साठलेलं २२५ काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा ‘दुहून’ घेता येतं. पण ही गाय युरेनियम-२३३ च्या ऱ्हासातून जन्मते, आणि ते युरेनियम गेल्या शतकातल्या अणुसंशोधनातून उरलेलं. त्याचं अर्धायुष्य दीड लाख वर्षांच्या वर, म्हणजे कळप वाढायचा वेग तुम्हीच समजा. या वाटेनं वर्षानुवर्षं साऱ्या जगाला दोन क्युरीही (क्युरी म्हणजे किरणोत्सार मोजायचं एकक) मिळत नव्हते. वजनात तो मिलिग्रॅमचा काही शतांश भाग. त्वरकात (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) थोरियमवर प्रोटॉन मारले तर २२५ भरपूर मिळतं, पण सोबत थोडं २२७ येतंच. मूलद्रव्य एकच, मग रसायनानं वेगळं करणार कसं? रुग्णालयाच्या कचऱ्यात २२ वर्षांची कटकट शिरते ती अशी. रेडियम-२२६ वर प्रोटॉन मारले तर २२७ टळतं, मात्र ते लक्ष्यच रेडॉन वायू सोडत बसतं. माझा कौल तरीही याच वाटेला.

संग्रहाचं म्हणाल तर त्या रकान्यात लोक युरेनियमच्या खनिजाचा खडा ठेवतात. त्यात १ ग्रॅम युरेनियम असेल तर ॲक्टिनियमचे पाचशे अब्जांहून जास्त अणू असतात. दिसणार मात्र एकही नाही.