एलसी उघडली, नोंदवली मात्र नाही

बांगलादेशातून तयार कपडे मागवणाऱ्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलं आहे. ढाक्याच्या कारखान्याशी करार मार्च 2025 मध्ये झाला. अपरिवर्तनीय एलसी, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची एकतर्फी मागे न घेता येणारी हमी, मेच्या पहिल्या आठवड्यात उघडली. जूनमध्ये माल सीमेच्या बांगलादेशी बाजूच्या बेनापोलमधल्या गोदामात पोचला, तो अजून तिथेच पडून आहे. ‘बंदी 17 मेची आणि माझा करार त्याआधीचा, मग ती मला लागू कशी?’ असं ते विचारतात. थोड्याफार फरकाने हाच प्रश्न अनेकांचा आहे.

करार आधीचा असल्याने तुम्हाला काहीही मिळत नाही. तयार कपडे जमिनीवरच्या सीमेवरून न आणता फक्त न्हावा शेवा किंवा कोलकाता बंदरातून आणायचे, ही अट 17 मे 2025 ला लगेच लागू झाली. अशा वेळी जुन्या व्यवहारांचं काय करायचं, हे परकीय व्यापार धोरण 2023 च्या परिच्छेद 1.05 मध्ये लिहिलेलं आहे. निर्बंधापूर्वी झालेल्या आयातीला धक्का लागत नाही. निर्बंधानंतर येणाऱ्या मालाला सवलत मिळते ती निर्बंधाआधी उघडलेल्या अपरिवर्तनीय एलसीवर, आणि तीही एलसीतल्या शिल्लक प्रमाण, किंमत व मुदतीपुरती. नुसती खरेदी ऑर्डर, ॲडव्हान्स किंवा ईमेल यात बसत नाही. बंदराची अट ही या परिच्छेदातल्या ‘इतर कोणतेही नियमन’ या शब्दांत मोडते, असं माझं वाचन आहे. म्हणजे तुमची एलसी कामाची होती.

पण त्याच परिच्छेदात पुढे म्हटलं आहे की अशी एलसी निर्बंध लागू झाल्यापासून 15 दिवसांत डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) प्रादेशिक कार्यालयात नोंदवली पाहिजे. ती मुदत जूनच्या सुरुवातीलाच संपली. तुमच्या सीएचएने (कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटाने) ‘आठ-पंधरा दिवसांत सगळं पूर्ववत होईल’ असं सांगितलं आणि तुम्ही थांबलात. याचा मला राग येतो. 8 एप्रिलला भारताने बांगलादेशी मालाची ट्रान्सशिपमेंट सवलत, म्हणजे भारतातून तिसऱ्या देशांत माल पाठवण्याची मुभा, काढून घेतली होती. त्याच महिन्यात बांगलादेशाने भारतीय सूत जमिनीच्या मार्गाने घेणं थांबवलं होतं. दोन्ही सरकारं सीमेवरच्या व्यापाराला एकेक गाठ मारत असताना तुम्ही मेमध्ये ट्रकमार्गाची एलसी उघडलीत आणि अधिसूचना आल्यावर कुणा वकिलाला एक फोनही केला नाहीत.

आता धोरणातून सूट मागणारा अर्ज परिच्छेद 2.58 खाली करता येतो. तो डीजीएफटीच्या धोरण शिथिलीकरण समितीपुढे जातो आणि खरी अडचण दाखवावी लागते. विलंबाचं कारण म्हणून सीएचएचं आश्वासन कितपत चालेल, याबद्दल मी फार आशा देणार नाही. अर्ज जरूर करा, मात्र त्याच्या निकालावर हंगामाचा माल अडवून ठेवू नका.

हायकोर्टातून अंतरिम आदेश आणून ट्रक आत घ्यावेत, असं तुम्हाला कुणीतरी सुचवलं आहे. तसं करू नका. 2019 मध्ये डाळी आणि वाटाण्याच्या आयातीवर मर्यादा आली, तेव्हा काही आयातदारांनी असेच आदेश मिळवून माल उतरवला. ऑगस्ट 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने निर्बंध वैध ठरवले आणि जून 2021 मध्ये तो माल पूर्णपणे जप्त करायला सांगितलं. दंड भरून सोडवण्याची मुभाही दिली नाही. कोर्टाचा अंतिम शब्द यायला दोन वर्षं लागली आणि त्या दिरंगाईची किंमत आयातदारांनी मोजली. माल नेपाळसाठीचा दाखवून वाटेत उतरवण्याची कल्पना तर कुणापुढे बोलूही नका. नेपाळ-भूतानला जाणाऱ्या मालाला दिलेली सूट इथे विकायच्या कपड्यांसाठी नाही. कस्टम्स कायद्याच्या कलम 111 खाली जप्ती होईल आणि कलम 112 खाली दंड बसेल तो वेगळाच.

तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, माल अजून सीमेपलीकडे आहे. तो बांगलादेशातल्या चट्टोग्राम बंदराला वळवून जहाजाने कोलकात्याला किंवा न्हावा शेवाला आणा. त्याआधी एलसी दुरुस्त करून घ्या. तिच्यात ट्रकची पावती आणि पेट्रापोल (बेनापोलसमोरचं भारतीय ठाणं) लिहिलेलं असेल, तर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाची मालपावती, समोर आल्यावर बँक कागदपत्रं विसंगत ठरवू शकते. दुरुस्तीला तुमच्या बँकेबरोबर ढाक्याच्या विक्रेत्याचीही संमती लागते आणि वाढीव भाड्यावरून तो अडून बसण्याची शक्यता आहे. ते भाडं कुणी सोसायचं हे करारातल्या डिलिव्हरीच्या अटीवर ठरेल. करार पाहिल्याशिवाय मी त्यावर बोलणार नाही.

साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली शुल्कसवलत घेणार असाल, तर उत्पत्तीचा दाखला पुरेसा समजू नका. कापड कुठलं, शिवण कुठे झाली, मूल्यवृद्धी किती, ही माहिती मालाच्या उत्पत्तीबाबतच्या कस्टम्सच्या 2020 च्या नियमांनुसार तुमच्याकडे असायला हवी आणि पाच वर्षं जपायला हवी. अधिकाऱ्याने मागितल्यावर ती द्यायला फक्त दहा कामाचे दिवस मिळतात, तेव्हा विक्रेत्याकडून ती माल जहाजावर चढण्याआधीच घ्या. आणि एलसीची शेवटची शिपमेंट तारीख आज पाहा. ती उलटून गेली असेल, तर दुरुस्तीच्या अर्जात मुदतवाढही मागा.