ग्रिल, राख आणि गंज : बॉयलरकाकांना विचारा

सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या बॉयलरवर मी एकोणीस वर्षं काढली. गिरणी बंद पडली, पण माणसं अजून मला बॉयलरकाकाच म्हणतात. काजळी, गंज, राख आणि आच यांबद्दल कुणी काही विचारलं की मला राहवत नाही. या वेळी सगळा ढीग कोळशाच्या ग्रिलवरच आला आहे. पाऊस संपून गच्च्या उघडल्या, त्याचाच परिणाम असणार.

प्रश्न : काका, पुण्याच्या भाच्यानं गेल्या दिवाळीत आम्हाला झाकणाची गोल ग्रिल आणून दिली. हुरड्याच्या दिवसांत गच्चीवर चार-पाच वेळा लावली. चिकन, पनीर, कणसं सगळं केलं. मग प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवली, ती आता दसऱ्याच्या साफसफाईत उघडली. आत राखेचा दगड झालाय, जाळी तांबडी पडलीय आणि झाकणाच्या आतून काळे पापुद्रे गळतात. रंग निघतोय की काय? सासूबाई म्हणतात, भंगारवाल्याला द्या. मी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात सगळं भिजत घालू का? – एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, भंगारवाल्याला थांबवा आणि कॉस्टिकचा डबाही बंदच ठेवा. गिरणीत सुताला झळाळी आणायला कॉस्टिक वापरायचे. आमच्या शेजारच्या खात्यातल्या एकाच्या मनगटावर त्याचे दोन थेंब उडाले होते. पुढं कित्येक वर्षं तिथली कातडी मेणासारखी दिसायची. शिवाय पुष्कळ ग्रिलची राखेची ताटली आणि खालच्या झडपा अॅल्युमिनियमच्या असतात. कॉस्टिक अॅल्युमिनियम खाऊन टाकतं. धुण्याचा सोडाही त्याला काळं पाडतो, म्हणून तोही तिथं नको.

पापुद्र्यांचं म्हणाल तर तो रंग नाही. एक पापुद्रा बोटांत चुरडून बघा. बुक्का होऊन बोटं काळी झाली, तर ती मांसातल्या चरबीची वाफ आणि धूर झाकणाला लागून भाजून झालेली काजळी आहे. झाकणावरचं इनॅमल असं कागदासारखं सुटत नाही. ते निघतं तेव्हा काचेसारखी कपची उडते. म्हणून झाकण आतून कोरडंच ठेवा, वर्तमानपत्राचा बोळा करून दाबून पुसा. जिथं हट्टानं चिकटलंय तिथं लाकडी उलथणं तिरपं धरून खरवडा. लोखंडी पत्रा घेऊन ओरखडे काढत बसू नका. तळाशी पातळ काळी झिलई राहिली तर राहू द्या, ती गळून जेवणात पडत नाही.

आता राख. लाकडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. तुम्ही वर प्लॅस्टिकचं कव्हर घातलंत, त्यामुळे आत गेलेली ओल बाहेर पडायला वाट राहिली नाही. पावसाळ्याचे चार महिने लोखंड ओल्या क्षारात बसलं होतं. ग्रिल धुराने खराब होत नाही, ओल्या राखेनं होते. बॉयलरमध्येही हेच. बंद ठेवायचा असला की आधी राखेचा कण न् कण बाहेर काढायचा, मगच दार लावायचं. आम्ही आत उतरायचो तेव्हा हाताला लागणारी राख टाल्कम पावडरीसारखी मऊ असायची, आणि पावसात एखादी खोबण राहून गेली तर तिथंच पत्र्याला खड्डे पडलेले दिसायचे.

तुमचा दगड लाकडाच्या तुकड्यानं ठोकून फोडा आणि कोरडाच बाहेर काढा. पाणी ओतलंत तर सगळ्या ग्रिलभर पिठलं होईल.

जाळी हा शेवटचा आणि सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. आधी बघा, ती साध्या लोखंडाची आहे की चकाकता मुलामा दिलेली. मुलामा सुटून खालून गंज येत असेल तर नवी जाळी घ्या, त्याला उपाय नाही. मधल्या मारुतीच्या बाजारात भांड्यांच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांतून फिरलात तर मापाची मिळेल किंवा कुणी करून देईल. साधी लोखंडी किंवा बिडाची असेल तर गंज म्हणजे नुसती वरची घाण आहे. थंड असतानाच तारेच्या घासणीनं तांबडं निघून राखाडी लोखंड दिसेपर्यंत घासा, धुवा, आणि लगेच विस्तवावर वाळवा. बिडाची जाळी पाण्यात भिजत ठेवू नका. आपल्या बोअरचं पाणी इतकं जड, की नुसतं वाळू दिलं तरी जाळीवर पांढरा चुना धरतो. बॉयलरच्या नळ्यांवर तो खरवडण्यात माझं तारुण्य गेलं.

मग तेल. इथं मी जरा हट्टी आहे. करडईचं तेल घ्या, घाण्याचं असेल तर उत्तम. करडईच्या तेलाला एक गुण आहे. पातळ लावून तापवलं की ते चिकट न राहता वाळून घट्ट पापुद्रा होतं, म्हणून पूर्वी रंगांतही ते वापरत. भाकरीचा तवा काळा तुकतुकीत होतो, तेच काम इथं. फडक्यानं इतकं पातळ लावा की लावलंय असं वाटू नये, आणि निखाऱ्यावर झाकण ठेवून अर्धा तास तापवा. थंड झालं की पुन्हा एकदा. जास्त लावलंत तर चिकटा धरतो, आणि मग तुम्ही मलाच शिव्या द्याल.

एकदा हे झालं की पुढं पाण्याचा फार उपयोग नाही. जेवण उतरवलं की उरलेल्या निखाऱ्यावर जाळी दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा, झडपा उघड्या आणि झाकण बंद. अडकलेलं सगळं जळून कोरडं होतं. जाळी गरम असतानाच नारळाची शेंडी लांब चिमट्यात धरून सळ्यांवरून फिरवा. शेंडी नसेल तर अर्धा कांदा काट्यात खोचून घ्या, कापलेली बाजू खाली. कांद्याचं पाणी चर्रर करतं आणि राहिलेला जळका कण सुटतो. वास सुंदर येतो, ही वरकमाई. मग सगळ्या झडपा लावून टाका. हवा तुटली की कोळसा विझतो आणि पुढच्या वेळी वापरता येतो. लोणारी कोळसा असला तर तो वाया घालवणं म्हणजे पापच. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाचं पाणी भरून ठेवणाऱ्या गावात बादल्या ओतून ग्रिल धुण्याची गरज मला तरी कळत नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या भंगार म्हणतात ते जाळीबद्दल खरं ठरलं तर त्यांचाही मान राहील.

प्रश्न : काका, स्वयंपाक झाल्यावर राख कधी काढायची? माझे मिस्टर म्हणतात, सकाळी हाताला गार लागली की झालं. – तुळजापूर वेस

उत्तर : तुमच्या मिस्टरांच्या बाजूनं मी पूर्वी होतो. एकदा रात्री अकराला सगळं आवरलं, सकाळी नऊला राखेला हात लावून बघितला. गार. म्हणून प्लॅस्टिकच्या बादलीत भरली. दुपारी बादलीला तळाशी मुठीएवढं भोक, आणि गच्चीच्या फरशीवर काळा गोल डाग. तो आजही आहे. मंडळी तुळशीला पाणी घालायला जाताना त्या डागाशी थांबतात आणि माझ्याकडे बघतात, तोंडानं काही बोलत नाहीत.

राख ही रजईसारखी असते. वरचा थर गार आणि पोटात निखारा जिवंत, दिवसभरसुद्धा. बॉयलरवर आम्हाला हेच पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि घरी मी तेच विसरलो. आता मी पूर्ण एक दिवस थांबतो, लोखंडी उलथण्यानं राख तळापर्यंत फिरवून बघतो आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरतो. तो डबा भिंतीला, लाकडाला टेकवून ठेवत नाही. घंटागाडीत द्यायची असली तर आणखी एक दिवस जाऊ द्या. कचऱ्याला आग लागायला एक निखारा पुरतो.

प्रश्न : जाळी घासायला तारांचा ब्रश घेतला तर चालेल का? ऑनलाइन फार स्वस्त मिळतो. – मोहोळ

उत्तर : मी नाही घेणार. स्वस्त ब्रशच्या बारीक तारा तुटतात, सळीला चिकटून बसतात आणि पुढच्या वेळी कबाबात जातात. घशात, आतड्यात अशी तार रुतून माणसांवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आहेत. आम्ही बॉयलरच्या नळ्यांत तारेचा ब्रश फिरवायचो, पण नळीत कुणी जेवत नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, वर ताईंना तारेची घासणी तुम्हीच सांगितली. सांगितली, पण ती गंज काढायला, थंड जाळीवर, आणि नंतर धुवून पुसून घेण्यासाठी. रोजच्याला शेंडी.

प्रश्न : आमच्याकडच्या वेल्डरनं जुनं बॅरल मधून कापून त्याची ग्रिल केली आणि वर जीआयची जाळी बसवली. तापल्यावर जाळीवर पांढरी पूड दिसते. ती घासून काढली की झालं ना? – अक्कलकोट रोड

उत्तर : नाही. जाळी फेका. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा, आणि जस्त 419 अंशांवर वितळतं. पेटलेला कोळसा त्याच्या फार पुढं जातो. ती पांढरी पूड जळलेल्या जस्ताची आहे. तो धूर छातीत गेला तर ताप भरतो, वेल्डरला विचारा, त्याला चांगला माहीत असेल. साध्या लोखंडी सळ्या बसवून घ्या. बॅरलमध्ये आधी काय होतं तेही विचारा. केमिकल असेल तर बॅरलही नको. खाण्याच्या तेलाचं असेल तर पहिल्यांदा रिकामंच, मोठ्या जाळावर दोन-तीन तास तापवून आतला रंग जाळून टाका, आणि तेव्हा धूर वाहत जातो त्या बाजूला उभे राहू नका म्हणजे झालं.

प्रश्न : ग्रिलची राख तुळशीला आणि गुलाबाला घातली तर? आजी घालायची. – बाळे

उत्तर : आजीच्या गावची माती कुठली होती ते मला माहीत नाही. आपल्याकडची काळी माती आधीच चुनखडीची, तिला आंबट करायची गरज असते आणि राख उलटं करते. कंपोस्टच्या खड्ड्यात चिमूटभर टाका, कुंडीत नको. पितळी तांब्या घासायला मात्र चिंचेबरोबर उत्तम. अट एकच : कोळसा पेटवायला रॉकेल किंवा कसलंही लिक्विड वापरलेलं नसावं.

प्रश्न : गच्ची बिल्डरनं बंद केली आहे. बाल्कनीला काचा आहेत, एक काच उघडी ठेवून ग्रिल लावली तर चालेल का? – होटगी रोड

उत्तर : चालणार नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, आमच्या फाटकावरच्या वॉचमननं थंडीमुळं केबिनमध्ये शेगडी घेतली आणि दार लावलं. पहाटेची पाळी बदलायला गेलेल्यानं दार ढकललं तर हा खुर्चीत मान टाकून बसलेला, हाक मारली तर डोळे उघडेनात. बाहेर ओढून उघड्यावर झोपवला, दवाखान्यात नेला, म्हणून वाचला. धूर नव्हता, वास नव्हता. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोच. निखारे विझत आले तरी तो निघत राहतो, त्यामुळे साफ करायला म्हणून तापवतानाही ग्रिल घरात आणू नका. शेताकडे कुणी ओळखीचं असेल तर तिथं जा, आगटीशेजारी मांडा.

प्रश्न : काका, आम्ही शाकाहारी. ग्रिलवर फक्त भरताचं वांगं भाजतो. आम्हालाही एवढा खटाटोप करावा लागेल का? – पंढरपूर

उत्तर : छे हो. वांग्याला चरबी नाही, त्यामुळे जाळी जवळपास कोरडीच राहते. शेंडी एकदा फिरवली की झालं. राख मात्र तुम्हालाही काढावीच लागेल. आणि वांग्याला भाजण्याआधी सुरीनं चार ठिकाणी टोचे मारा. आमच्याकडचं एकदा फुटलं होतं, बिया अजून झाकणाला आहेत.