फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळातला कोणी खेळाडू पुढे नावाजलेला आर्किटेक्ट झाला का?

हो, हंगेरीचा आल्फ्रेड हायोश. 12 ऑक्टोबर 1902 रोजी व्हिएन्नात हंगेरीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यात तो खेळला (ऑस्ट्रियाने 5-0 असं धुतलं, ते सोडा). 1906 मध्ये तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही होता. शिक्षणाने मात्र तो आर्किटेक्ट. देब्रेत्सेनचं आरानिबिका हॉटेल, 1922 मध्ये सुरू झालेलं बुडापेस्टच्या उयपेश्त भागातलं फुटबॉल मैदान आणि मार्गारेट बेटावरचा 1930 चा जलतरण तलाव ही त्याची कामं. तलावाला आज त्याचंच नाव आहे. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तेव्हा कलास्पर्धाही असत. तिथे देझो लाउबरबरोबर केलेल्या स्टेडियमच्या आराखड्याला रौप्य मिळालं, आणि सुवर्ण कोणालाच दिलं गेलं नाही! ऑलिंपिकच्या नोंदींत हे सगळं सापडतं. फक्त एक लक्षात घ्या: फुटबॉलपटू ही त्याची मुख्य ओळख नव्हे. 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अठराव्या वर्षी समुद्राच्या गार पाण्यात पोहून त्याने दोन सुवर्णपदकं जिंकली होती, जग त्याला ओळखतं ते त्यासाठी.