वाचकांचे प्रश्न : पळण्याचे बटण सोडल्यावर दिसणारा खेळ

प्रश्न : बंद पडलेल्या सायबर कॅफेतून विकत घेतलेल्या एका जुन्या संगणकावर आम्ही मित्र कित्येक वर्षांपासून ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर ६’ हा फुटबॉलचा संगणक-खेळ खेळतो. सोयाबीनची सोंगणी आटोपली की संध्याकाळची बैठक ठरलेलीच असते आणि गावात आम्हाला हरवणारा कोणी नाही. मात्र दिवाळीत नागपूरहून आलेल्या माझ्या मावसभावाने दुबळा संघ घेऊन आमच्या ब्राझीलला सहज हरवले, आणि तेही त्याचे खेळाडू फारसे पळत नसताना. विचारले तर म्हणाला, ‘दादा, तुम्ही हा खेळ अजून पाहिलाच नाही.’ या जुन्या खेळात आम्हाला न दिसलेले असे काय आहे?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : मावसभावाचे बोलणे मनाला लागणारे असले तरी त्यात तथ्य आहे, आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याच पत्रात आहे : त्याचे खेळाडू पळत नव्हते. कोनामी या जपानी कंपनीने २००६ मध्ये आणलेल्या या खेळात चेंडू खेळाडूच्या पायाला चिकटवलेला नाही. पळण्याचे बटण, म्हणजे जॉयपॅडवरचे (खेळण्यासाठी दोन्ही हातांत धरायच्या बटणांच्या यंत्रावरचे) आर१, दाबून ठेवले की खेळाडू दर स्पर्शाला चेंडू पुढे लोटतो, आणि दोन स्पर्शांच्या मधल्या क्षणी तो चेंडू कोणाचाच नसतो. बचावपटू पाय घालतो तो नेमका त्याच क्षणी. शिवाय वेगात असलेल्या खेळाडूला वळायला जास्त जागा लागते आणि फटका मारताना त्याचा तोल सावरलेला नसतो. बटण सोडले की चेंडू पायाजवळ येतो, वळण लहान होते आणि पास देण्यासाठी मान वर करून पाहायला तुम्हाला, म्हणजे खेळणाऱ्याला, उसंत मिळते. एकमेकांचे पाहून हा खेळ शिकलेली बहुतेक मुले सामना सुरू होताच ते बटण दाबतात आणि मध्यंतरालाच सोडतात, मग उत्तरार्धात त्यांचे विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारे खेळाडू, दमून रेंगाळू लागतात आणि दोष संगणकाला दिला जातो.

याचा अर्थ पळूच नये असा नाही. समोर मोकळे मैदान असेल तर पळताना आर१ लागोपाठ दोनदा दाबून पाहावे. खेळाडू चेंडू लांब पुढे ढकलतो आणि मोकळ्या पायांनी त्यामागे धावतो. समोर बचावपटू उभा असताना मात्र हीच कृती म्हणजे त्याला चेंडू भेट देणे होय.

दुसरी गोष्ट याहून आडवळणाची आहे. पास दिला की तो घेणारा खेळाडू चेंडूच्या वाटेवर आपोआप चालू लागतो. ही सोय खेळानेच केलेली असल्यामुळे नवख्याला ती उपकारक वाटते. परंतु दोन्ही बाजूंना तीच सोय असल्यामुळे तो कोठे पोहोचणार हे प्रतिस्पर्ध्यालाही ठाऊक असते. आर१ आणि आर२ ही दोन बटणे एकाच वेळी दाबून दिशा दिली की ही आपोआप चाल तुटते आणि खेळाडू पूर्णपणे आपल्या हाती येतो; जाणकार मंडळी याला ‘सुपर कॅन्सल’ म्हणतात. चाकोरीने चाललेल्या बैलजोडीचा कासरा ओढून गाडी बाजूला घ्यावी, तसा हा प्रकार आहे. मागून बचावपटू अंगावर येत असेल तर चेंडूची वाट न पाहता दोन पावले पुढे जाऊन तो घेता येतो. किंवा चेंडूला हातच न लावता, अर्थात पायच न लावता, तो मागच्या सहकाऱ्याकडे जाऊ देता येतो. बचावातही उडालेला चेंडू कोठे पडेल याचा आपला अंदाज खेळाच्या अंदाजापेक्षा चांगला असेल, तर हीच दोन बटणे कामी येतात. माझ्या मते या खेळाची खरी खोली येथे आहे : खेळाने आपल्यासाठी काय काय परस्पर ठरवून ठेवले आहे हे ओळखणे आणि त्यातले हवे तेवढेच स्वीकारणे.

आपल्या पराभवाचे तिसरे कारण पत्रात लिहिलेले नाही, पण ते असावे असा माझा कयास आहे. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना शॉर्ट पासचे बटण दाबून धरले की आपला निवडलेला खेळाडू त्याच्यावर धावून जातो, आणि फटक्याचे बटण धरले की दुसरा सहकारीही त्याच कामाला लागतो. दोन्ही बटणे एकदम धरून बसण्याची सवय जवळपास सर्वांना असते. दोघे जण एकाच माणसावर तुटून पडले की दुसऱ्याने सोडलेली जागा उघडी पडते, आणि सावकाश खेळणारा माणूस याच घटकेची वाट पाहत असतो : तो चेंडू थांबवतो, दोघांना जवळ येऊ देतो आणि त्रिकोणाच्या बटणाने थ्रू पास, म्हणजे बचावपटूंच्या मधून पुढे धावणाऱ्या सहकाऱ्यासाठी दिलेला पास, त्या उघड्या जागेत सोडतो. म्हणून निदान पेनल्टी क्षेत्रासमोर तरी फटक्याचे बटण सोडून द्यावे, मधल्या बचावपटूला त्याच्या जागी राहू द्यावे आणि आपल्या निवडलेल्या खेळाडूने केवळ वाट अडवावी. ब्राझीलच्या जागी एखादा साधा संघ घेऊन ही सवय लावली तर उत्तम, कारण बलाढ्य संघातील खेळाडूंचा वेग आपल्या चुका झाकून टाकतो.

प्रश्न : याच खेळात इटलीच्या इंटर संघातील आद्रियानोचा फटका एखाद्या दिवशी गोलरक्षकाला दिसतही नाही, तर दुसऱ्या दिवशी तोच खेळाडू चेंडू वरच्या वर उडवतो. संगणक मुद्दाम हरवतो काय?
– एक वाचक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

उत्तर : संगणकावर हा आळ घेण्यापूर्वी सामन्याआधीच्या पडद्यावर खेळाडूच्या नावाजवळचा छोटा बाण पाहावा. वर पाहणारा लाल बाण म्हणजे खेळाडू ऐन भरात आहे, आडवा हिरवा म्हणजे बेताचा, आणि खाली झुकलेला बाण म्हणजे आज त्याला बाकावर बसवलेले बरे. नावाला भुलून खाली झुकलेल्या बाणाचा खेळाडू उतरवणे हा आपल्याकडचा नित्याचा दोष आहे.

आद्रियानोच्या फटक्याच्या ताकदीला या खेळात ९९ म्हणजे सर्वोच्च आकडा दिलेला आहे, हे खरे. परंतु ताकद, अचूकता आणि तंत्र यांचे आकडे वेगवेगळे आहेत. तो डावखुरा आहे आणि प्रत्येक खेळाडूच्या दुबळ्या पायासाठी वापर व अचूकता असे दोन वेगळे आकडे, तेही केवळ ८ पर्यंतच्या मापात, ठेवलेले आहेत. त्यामुळे चेंडू त्याच्या उजव्या पायाकडे असताना किंवा गोलकडे पाठ करून वळता वळता मारलेला फटका फसला तर नवल नाही. अर्धे पाऊल थांबून चेंडू डाव्या पायाकडे घ्यावा, पळण्याचे बटण सोडावे आणि मगच मारावे. आकड्यांच्या पानावर आणखी एक शोध घेण्यासारखा आहे : ‘रिस्पॉन्स’ म्हणजे सुटलेल्या चेंडूकडे खेळाडू किती लवकर सरसावतो, आणि ‘बॅलन्स’ म्हणजे धक्का लागल्यावर तो किती उभा राहतो. केवळ वेगाचा आकडा पाहून संघ निवडणाऱ्यांच्या नजरेतून हे दोन्ही निसटतात.

प्रश्न : आमच्याकडे जॉयपॅड नाही. कीबोर्डवर तिरके पळताना पास दिला तर कधी कधी बटण लागतच नाही. कीबोर्ड नवीन घेतला तरी तेच. उपाय सांगावा.
– एक वाचक, ता. रिसोड, जि. वाशीम

उत्तर : दोष आपल्या बोटांचा नाही आणि बहुधा कीबोर्ड खराब झाल्याचाही नाही. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते. कळा आडव्या आणि उभ्या ओळींच्या जाळीत जोडलेल्या असतात. एकाच वेळी तीन-चार कळा दाबल्या आणि त्या जाळीत अडचणीच्या जागी आल्या, तर नेमकी कोणती कळ दाबली हे ओळखता येत नाही आणि शेवटची कळ सोडून दिली जाते. तिरके पळायला दोन बाण आणि पळण्याची एक अशा तीन कळा आधीच गुंतलेल्या असतात. वर सांगितलेल्या सुपर कॅन्सलला तर चार लागतात. नोटपॅड उघडून खेळातली अक्षरे एकदम दाबून पाहावीत. ज्या जोडीत एखादे अक्षर उमटत नाही, ती जोडी टाळावी. खेळाच्या फोल्डरमधील ‘सेटिंग्ज’ या प्रोग्रॅमातून कळा बदलता येतात. शिफ्ट आणि कंट्रोल यांची जोडणी बहुतेक कीबोर्डमध्ये वेगळी असल्यामुळे पळण्याचे काम शिफ्टला आणि आर२ चे काम कंट्रोलला द्यावे. मात्र शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज ‘स्टिकी कीज’ची चौकट पडद्यावर आणते आणि हा घोळ हमखास गोल होण्याच्या वेळीच होतो, म्हणून ती सोय कंट्रोल पॅनेलमधून आधीच बंद करून ठेवावी. दोघे जण एकाच कीबोर्डवर खेळत असाल तर यातला कोणताही उपाय पुरणार नाही. निदान एकासाठी साधा यूएसबी जॉयपॅड घ्यावा. त्यावर बहुधा आकृत्यांऐवजी १ ते ४ आकडे छापलेले असतात, तेव्हा कोणता आकडा पासचा आणि कोणता फटक्याचा हे त्याच ‘सेटिंग्ज’मध्ये एकदा लावून घ्यावे.