आणंदची डेअरी टिकली ती हिवाळ्यातल्या दुधामुळे

तुम्ही विचारलंय, गुजरातेतल्या आणंदसारख्या शेतकऱ्यांच्या गावातली सहकारी डेअरी, म्हणजे अमूल, इतकी वर्षं टिकली कशी, आणि नागपूरकडे तसं का झालं नाही. मी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडच्या एका दूध संस्थेत सचिव होतो, म्हणून त्या बाजूनं सांगतो.

1946चा आणंदकडच्या दूधवाल्या शेतकऱ्यांचा संप बहुतेकांना माहीत असतो. मुंबईला दूध पुरवायचा मक्ता पोल्सन या खासगी डेअरीकडे, भाव दलालांच्या हाती. सरदार पटेलांचा सल्ला, त्रिभुवनदास पटेलांचं नेतृत्व, पंधरा दिवस मुंबईला थेंब नाही, आणि त्याच वर्षी 14 डिसेंबरला शेतकऱ्यांच्या दूध संघाची नोंदणी. खरी कसोटी मात्र पुढं हिवाळ्यात होती.

पावसाळा सरून म्हशी व्यायला लागल्या की दूध मावेनासं होतं. मुंबई घेणार ठरलं तेवढंच. उरलेल्याची पावडर करावी, तर परदेशी तज्ज्ञ म्हणायचे, म्हशीच्या दुधात फॅट जास्त, त्याची पावडर होत नाही. संघातले दुग्धतज्ज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, संघाचे व्यवस्थापक वर्गीस कुरियन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. युनिसेफनं यंत्रं दिली, न्यूझीलंडनं पैसा, आणि 31 ऑक्टोबर 1955ला नेहरूंच्या हस्ते कारखाना सुरू झाला. दूध कितीही येवो, सभासदाची कॅन परत जायची नाही, ही सोय त्या कारखान्यानं केली. माझ्या लेखी आणंदचं मोठेपण हेच.

संस्थेत दूध घेताना हे फार जाणवतं. भाव फॅटवर ठरतो, म्हणून ते मोजायच्या काचेच्या नळीत, ब्युटिरोमीटरमध्ये, 10 मिली गंधकाम्ल, त्यावर 10.75 मिली दूध, मग 1 मिली अमाइल अल्कोहोल. नळी हाताला चटका बसेल इतकी तापते. मशीनमध्ये फिरवली की वर फॅटचा पिवळा थर येतो. समोरची बाई त्या रेघेवर डोळे लावून उभी असते, ढेपेचा पैसा त्यातूनच निघायचा असतो. तिला ‘आज दूध नको’ म्हटलं, तर ती उद्या कशाला येईल?

नागपूरकडची जनावरं कमी पडली, हे मला पटत नाही. नागपुरी म्हैस आमच्या उन्हात तग धरते, कुटारावर, म्हणजे वाळल्या भुशावर, निभावते, आणि सरकीची ढेप तर कापसाच्या मुलखातलीच. फरक मालकीचा होता. इथं शासकीय दूध योजनेचा कारखाना सरकारचा, शेतकरी नुसता दूध घालणारा. आणंदला प्लँटचा मालकही तोच, मग स्वतःचंच दूध परत कोण पाठवेल? अलीकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या प्रकल्पातून विदर्भात संकलन होतं, पैसे थेट खात्यात जमा होतात, ही चांगली गोष्ट आहे. तरी तुम्ही संस्था काढणार असाल, तर भावाच्याही आधी विचारा की डिसेंबर-जानेवारीत आमचं सगळं दूध उचलणार का, आणि ते करारात लिहून घ्या.