चित्र उलटं करा, मग बोलू

प्रश्न : आमचे आजोबा रेल्वेत होते. भुसावळचा एक साहेब विलायतेला परत जाताना बंगल्यातलं सामान विकत होता, त्यात त्यांनी एक तैलचित्र घेतलं. पॅरिसचा पावसाळी रस्ता आहे, कोपऱ्यात फ्रेंच सही, मागे फाटकी लेबलं आणि '२५' हा आकडा. भाचा म्हणतो, करोडोंचं निघेल. हे चित्र आधी कुणाकुणाकडे होतं, कुठल्या प्रदर्शनात लागलं होतं, हे कसं शोधायचं?
– एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, भाच्याला म्हणावं, जरा दमानं. आधी भिंग घेऊन आकाशाचा भाग बघा. छपाईचे सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले, तर प्रश्न तिथंच मिटला. छापील प्रतीवर वार्निश फासून तैलचित्र म्हणून खपवलेले नग नोकरीत मी पुष्कळ पाहिलेत. खानदेशात असं चित्र येईलच कसं, असं मात्र मी म्हणणार नाही. चाळीसगावच्या स्टेशनालगत राहून छायाचित्रकार केकी मूस यांनी काय काय जमवलं होतं, ते जाऊन बघा.

ठिपके नसतील तर चित्र उलटं करा. सहीला मी सगळ्यात शेवटी विचारतो; सही कुणालाही करता येते. मुंबईच्या एका संग्रहालयात मी नोंदणी विभागात होतो, तिथं माझा निम्मा वेळ चित्रांच्या पाठी वाचण्यात गेला. लेबलं, शिक्के, खडूचे आकडे, कस्टमचे ठसे. तुमचा '२५' हा प्रदर्शनाचा क्रमांक असेलच असं नाही. फ्रान्समध्ये तयार कॅनव्हास ठरावीक मापात मिळत, आणि २५ नंबर म्हणजे साधारण ८१ बाय ६५ सेंटिमीटर. फ्रेम सोडून माप घ्या, उंची आधी. जुळलं तर तो आकडा दुकानाचा.

फाटकं लेबल किती बोलतं ते सांगतो. कामीय पिसारो या फ्रान्समधल्या चित्रकारानं १८९७ साली पॅरिसच्या र्‍यू सेंतोनोरे या रस्त्याचं पावसातलं चित्र काढलं. त्याचे व्यापारी द्युराँ-र्‍युएल, त्यांच्याकडून ते बर्लिनच्या कॅसिरर कुटुंबात गेलं. १९३९ साली नाझी जर्मनी सोडण्यासाठी यहुदी असलेल्या लिली कॅसिरर यांना ते ९०० मार्कांना द्यावं लागलं, आणि तेवढेही त्यांच्या हाती पडले नाहीत. १९५१ साली ते अमेरिकेत विकलं गेलं, १९७६ मध्ये संग्राहक बॅरन थिसेन यांनी न्यूयॉर्कच्या गॅलरीतून २,७५,००० डॉलरला घेतलं, १९९३ मध्ये त्यांच्या संग्रहासकट स्पेननं घेतलं. लिलींच्या नातवाला ते माद्रिदच्या संग्रहालयात असल्याचं २००० साली कळलं. त्यांच्या बाजूनं दोन गोष्टी होत्या : बर्लिनच्या दिवाणखान्यात ते चित्र टांगलेलं दाखवणारा घरचा फोटो, आणि चित्रामागचा कॅसिरर गॅलरीच्या लेबलाचा फाटका तुकडा. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

म्हणजे सातबाऱ्यावरचे फेरफार मागे मागे लावत जावं, तसं आजच्या मालकापासून चित्रकारापर्यंत जायचं. १९३३ ते १९४५ या वर्षांत चित्र कुठं होतं, तिथं जास्त थांबा. पॅरिसच्या ज्यू द पोम इमारतीतून नाझींनी लुटीची चित्रं हलवली, त्यांच्या याद्या आज इंटरनेटवर खुल्या आहेत. तुमच्या साहेबानं चित्र त्याआधी विकलं असेल तर ही काळजी मिटली, म्हणून विक्रीचं साल आधी काढा. आजोबांची वही, पावती, लग्नातल्या फोटोत मागच्या भिंतीवर दिसणारं चित्र, काहीही चालेल.

प्रदर्शनाचा शोध वेगळा आणि जास्त चिकट. पॅरिसच्या सालों दोतोन (१९०३ पासून) किंवा अँदेपांदां (१८८४ पासून) या वार्षिक प्रदर्शनांच्या जुन्या यादीत बहुतेकदा चित्रकार, चित्राचं नाव आणि क्रमांक एवढंच सापडतं. 'पावसातला रस्ता' या नावाची चित्रं कितीतरी. नाव जुळलं म्हणून चित्र जुळलं असं नाही. लेबलावरचा क्रमांकही जुळायला हवा. चित्रकाराच्या सगळ्या कामाची क्रमवार यादी देणारा ग्रंथ, कॅटलॉग रेझोने, असेल तर पहिला तोच उघडा. त्यात मालक आणि प्रदर्शनं दोन्ही दिलेली असतात. पण यादीत नसलं म्हणजे खोटं, आणि असलं म्हणजे तुमचंच, असा अर्थ काढू नका.

कागदांवरही आंधळा विश्वास नको. इंग्लंडात जॉन ड्रू यानं बनावट चित्रांसाठी लंडनच्या संग्रहालयांच्या दप्तरातच खोटे कागद घुसवले होते. जर्मनीतल्या वोल्फगांग बेल्ट्राकीनं तर फ्लेखटहाइम या खऱ्या व्यापाऱ्याच्या नावाची लेबलं स्वतःच छापून चिकटवली. मालकांची साखळी फारच गुळगुळीत दिसली की मला शंका येते. मधली दहा वर्षं कोरी असतील तर कोरी ठेवा, तिथं 'परंपरेनं असं सांगतात' भरू नका.

शंभर वर्षांवरचं चित्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार तुम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी लिलावाची स्वप्नं बघणाऱ्या भाच्याला हे आधीच सांगून टाका.

आता लेबलांचे फोटो काढा, टॉर्च बाजूनं तिरका धरून. पुसट शिक्के त्यात उठून दिसतात. लेबल सोलू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका. आणि चित्र कूलरच्या वाऱ्यात टांगलेलं असेल तर आजच तिथून हलवा.