पोत्यानं विकू नकोस

चि. बाळ,

बाजारादिवशी आलास, सोप्यात बसलास, चाकणच्या कंपनीचं नोकरीचं पत्र फोनवर दाखवलंस आणि निम्मा चहा तसाच ठेवून उठलास. "जाऊ की गावातच शेती धरू? काका, तुम्हीच सांगा," म्हणालास, तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. कारण आदल्याच दिवशी तुझी आई पाणवठ्यावर म्हणाली होती, "यांचा स्वतःचा पोरगा पुण्यात, आणि हे आमच्या पोराला गाव धरायला सांगणार." खरं आहे ते. त्याच्यावर येतोच.

गावाची ओढ वगैरे मी लिहिणार नाही. ती तुला आहे, नाहीतर माझ्याकडं आलाच नसतास. माझं सांगणं एकच आहे: राहिलास तर शेतातलं पिकलेलं पोत्यानं विकू नकोस.

मी एकोणिसाव्या वर्षी मुंबईला, लालबागच्या कापडगिरणीत गेलो. आपल्या गावकऱ्यांची खोली होती. पाळी संपवून एक उठायचा, त्याच्या ऊबेच्या जागेवर दुसरा पडायचा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर, त्यातला मी एक. वर्षभर वाट बघून ट्रंक घेऊन आजऱ्याला उतरलो. घरी बघतो तर घनसाळचं, आपल्या वासाच्या भाताचं, बियाणंच नाही! उतारा जास्त म्हणून वडिलांनी संकरित भात धरलेलं. मामाच्या गावातनं दोन पायली बी मागून आणलं, तिथनं परत सुरुवात.

आणि नंतरची चौदा वर्षं मी काय केलं? भात झोडपलं, पोती भरली, व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकली. घनसाळ उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो, तयार व्हायला जवळपास पाच महिने घेतो आणि उतारा कमी देतो. काट्यावर तो कायम हरणारच. त्याची सगळी किंमत वासात, आणि वासाला वजन नसतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला चौदा वर्षं लागली. तुला आजच सांगतोय, तर तू म्हणतोस "भातात काय राहत नाही". भातात नाहीच राहत! तांदळात राहतं.

शंभर किलो भात भरडलं की साठ-पासष्ट किलो तांदूळ हाताला लागतो. कणी घरात खपते, कोंडा म्हशीला, तूस चुलीला. भातगिरणीवाल्याला सांगायचं, पांढराशुभ्र करू नको, पॉलिश कमी मार. पहिल्या वर्षी मी पाच-पाच किलोच्या पिशव्या एस.टी.तनं कोल्हापूरला नेल्या आणि राजारामपुरीत दारोदार फिरलो. लाज वाटली. मुंबईच्या गिरणीत रात्रपाळी करताना वाटली नव्हती, स्वतःचा तांदूळ विकताना वाटली, बघ कसली गंमत.

आता चूकही सांगतो. एका वर्षी परतीच्या पावसानं पीक आडवं केलं, घरात लेकीचं लग्न. मी घनसाळमध्ये दुसरा तांदूळ मिसळला. फार नाही, पण मिसळला. सहा वर्षं तांदूळ घेणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "भात शिजला, पण शेजारणीनं विचारलं नाही, आज काय केलंय म्हणून." परत त्यांनी दार उघडलं नाही. परिस्थिती तशी होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. अजूनही थोडं समजावतो.

2016 साली आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव आपल्याच भागातल्या तांदळाचं, असा सरकारी शिक्का. ते नाव पिशवीवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, अन्न परवानाही लागतो. ही कागदं आधी कर. मशीनच्या मागं मात्र लागू नकोस. 2020 च्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान ठेवलं, आणि मशीन विकणारे दारात आले. अनुदान कर्जाला जोडलेलं असतं रे, आणि कर्जाचा हप्ता पावसाळ्यातही येतो. गिऱ्हाईक आधी, मशीन शेवटी.

तुमच्या माळावरच्या काजूचंही तेच. मे महिन्यात बी पोत्यानं देता, घरात चवीपुरताही गर राहत नाही. चार किलो बीला साधारण एक किलो गर पडतो. पण मोठा कारखाना काढायचा तर वर्षभराची बी दोन महिन्यांत रोखीनं उचलावी लागते, तिथं भलेभले अडकले. तू फक्त आपल्या चाळीस झाडांची फोड. चिकानं बोटं काळी होतील, होऊ दे. पण पोत्यानं नको.

आता माझ्या पोराचं. तो माझ्याबरोबर सात वर्षं राबला. पिशव्या भरल्या, कोल्हापूरच्या खेपा केल्या. मी त्याला कधी पगार दिला नाही. घरचंच आहे की, म्हणायचो. मोबाईलला रिचार्ज मारायचा तरी माझ्यापुढं हात. एका दिवाळीला तो गेला. लोक म्हणतात शेतीनं त्याला घालवलं. शेतीनं नाही, मी घालवलं. तांदूळ पिशवीनं विकत होतो आणि पोराचे कष्ट पोत्यानं घेत होतो. तुझ्या आईला हे सांग, किंवा नको, मीच सांगेन.

म्हणून पहिल्या महिन्यापासून वहीत स्वतःचा पगार लिही. आईचाही. चाकणचे अठरा हजार दिसतात, त्यातनं खोलीभाडं, मेस आणि गावच्या खेपा वजा करून उरतील तेवढे तरी लिही. पहिल्या वर्षी तेवढे निघणार नाहीत. दुसऱ्या वर्षीही कदाचित नाहीत. चिडू नकोस, मी खोटं बोलून तुला अडवणार नाही. तीस गुंठ्यांत सगळं भागणारही नाही. म्हशी ठेव, डेअरीचं दहा दिवसांचं बिल हाताला येऊ दे, म्हणजे तांदूळ घाईनं विकायची पाळी येणार नाही. घाईचा माल पोत्यानंच जातो.

कंपनीला उत्तर द्यायला पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे म्हणालास. त्याआधी गुरुवारी सकाळी ये. माझं गेल्या सालचं भात भरडायचंय, कणगीतनं काढायला मला आता वाकवत नाही. चाळण तुझ्या घरची आण, आमची फाटलीय. पंचवीस पिशव्या भरू आणि दुपारच्या गाडीनं तू एकटा कोल्हापूरला जा. पत्ते मी लिहून ठेवलेत. त्या राजारामपुरीच्या बाईंचाही आहे. त्यांना माझं नाव सांगू नकोस.

तुझा,
काका